दर वेळी दुबार पेरणी कशाला? माझ्या बिल्डचे दोन महिने

३ जूनला सायंकाळी मला एका सूचनेतील एकच अक्षर सुधारायचे होते. अक्षर सुधारले, सवयीप्रमाणे ‘रिबिल्ड ऑल’ दाबले आणि मी खाली चहाला गेले. आमच्या सॉफ्टवेअरच्या संपूर्ण बिल्डला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालणारे सॉफ्टवेअर पहिल्यापासून बांधायला, तेव्हा माझ्या संगणकावर ४६ मिनिटे लागत असत. अडतिसाव्या मिनिटाला लाईन गेली. यूपीएस पंधरा मिनिटे चालतो असे त्याच्या खोक्यावर छापलेले आहे, पण संगणकाचे सगळे कोअर कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने, जुंपलेले असताना तो पाचव्या मिनिटालाच मान टाकतो. लाईन रात्री साडेनऊला आली, मी पहिल्यापासून बिल्ड लावले आणि ते एक अक्षर पडद्यावर दिसले तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात आहे. पुण्यातील एका कंपनीसाठी मी येथूनच, माडीवरच्या खोलीतून, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेल्या एका डेस्कटॉप सॉफ्टवेअरवर काम करते. २०२० मध्ये सगळ्यांचे काम घरून सुरू झाले तेव्हा कंपनीने एक वापरलेला डेस्कटॉप गावी पाठवला, आणि तोच अजून चालू आहे. यंदाच्या जूनपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मी या बिल्डच्या मागे लागले होते. जे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे, कारण माझ्यासारखे गावी बसून असे काम करणारे आता बरेच आहेत आणि यातील निम्म्या अडचणी पुस्तकात सापडत नाहीत.

आधी ‘रिबिल्ड ऑल’च्या सवयीविषयी सांगायला हवे. खरे तर बदललेल्या फाइली तेवढ्याच पुन्हा कंपाइल करण्याची सोय प्रत्येक बिल्ड-यंत्रणेत असते. आमच्याकडे व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ आहे, त्यातील एमएसबिल्ड ही यंत्रणा कोणत्या सीपीपी फाइलने (कोडच्या फाइलने) कोणते हेडर (अनेक फाइलींना लागणाऱ्या घोषणांची सामाईक फाइल) वाचले याची नोंद ‘टीलॉग’ नावाच्या फाइलींमध्ये ठेवते आणि त्यावरून काय शिळे झाले ते ठरवते. हे मला ठाऊक होते. पण मागच्या पावसाळ्यात ऐन कंपाइल चालू असताना लाईन गेली आणि एक ऑब्जेक्ट फाइल (एक सीपीपी कंपाइल केल्यावर मिळणारी फाइल) अशी उरली की तिचा आकार बरोबर, वेळ बरोबर, पण आत नुसती शून्ये. कंपायलरच्या लेखी ती ताजी होती, त्यामुळे तो तिला हात लावेना, आणि या फाइली जोडून एक प्रोग्राम करणारा लिंकर ‘एलएनके११३६, अवैध किंवा खराब फाइल’ असे म्हणून थांबे. ते शोधण्यात एक दुपार गेली. त्यानंतर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सल्ला दिला की लाईन गेली की सरळ सगळे नव्याने बांधायचे. मी तो इतका मनावर घेतला की लाईन न जाताही सगळे नव्याने बांधू लागले.

१० ते १४ जून या पाच दिवसांत मी काहीही बदलले नाही, फक्त एका वहीत प्रत्येक बिल्डची वेळ आणि कारण लिहीत गेले. ही वही हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च ठरला. आठवड्यात ४९ बिल्ड झाले. त्यांतील १४ मी स्वतःच्या हाताने पूर्ण बिल्ड म्हणून लावलेले होते, आणि त्यांपैकी फक्त दोनच वेळा तसे करण्याचे काही कारण होते. उरलेले ३५ ‘लहान’ बिल्डही सरासरी ११ मिनिटांचे निघाले. एकूण सतरा तासांहून थोडे अधिक. कंपायलर हळू आहे असे मी चार वर्षे म्हणत आले होते. वहीने मात्र पहिले बोट माझ्याकडे दाखवले.

पण एका सीपीपी फाइलीतील एका ओळीसाठी ११ मिनिटे का? १७ जूनला मी बिल्डचा संपूर्ण मजकूर एका फाइलीत उतरवून घेतला आणि तो ओळीओळीने वाचला. आमच्याकडे इशाऱ्यांचा असा पूर असतो की कोणी वाचत नाही. त्या पुरात, शेवटून तिसऱ्या पानावर, ‘एलएनके४०७५’ हा इशारा होता. त्याचा अर्थ एवढाच की ‘ओपीटी:आयसीएफ’ हा पर्याय दिलेला असल्यामुळे ‘इन्क्रिमेंटल’ या पर्यायाकडे दुर्लक्ष करत आहे. आवृत्ती-नोंदींत मागे जाऊन पाहिले, तर रिलीज बिल्डसाठीचे (ग्राहकाला द्यायच्या बिल्डसाठीचे) लिंकरचे पर्याय कोणीतरी सामाईक प्रॉपर्टी शीटमध्ये, म्हणजे सगळ्यांना लागू होणाऱ्या सेटिंगच्या फाइलीत, टाकले होते आणि ते डीबगलाही (आमच्या रोजच्या कामाच्या बिल्डलाही) लागू होत होते. लिंकर ही गोष्ट प्रत्येक बिल्डमध्ये प्रामाणिकपणे सांगत होता.

येथे थोडे थांबून इन्क्रिमेंटल लिंकिंग म्हणजे काय ते सांगते, कारण कंपाइलचा भाग लोकांना कळतो आणि लिंकचा धूसर राहतो. साधा लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली घेऊन प्रत्येक फंक्शनला पत्ता देतो आणि फंक्शने एकमेकांना खेटून मांडतो. एखादे फंक्शन चार बाइट वाढले की पुढच्या सगळ्यांचे पत्ते सरकतात, म्हणून दर वेळी सगळी मांडणी नव्याने. इन्क्रिमेंटल लिंकर फंक्शनांच्या मधे मोकळी जागा सोडतो आणि हाक थेट फंक्शनला न देता मधल्या एका उड्या मारणाऱ्या तक्त्यामार्फत देतो. डीबगरमध्ये (चूक शोधण्याच्या साधनात) पायरीपायरीने जाताना मधेच एक ‘जंप’ लागतो आणि आपण वैतागतो, तो हाच तक्ता. फंक्शन वाढले तर ते मोकळ्या जागेत बसते किंवा दुसरीकडे हलते, आणि तक्त्यातील एक नोंद बदलली की काम झाले. मागच्या वेळी काय कोठे ठेवले याची खातेवही आयएलके नावाच्या फाइलीत राहते. या पद्धतीने एक्झी (तयार प्रोग्रामची फाइल) फुगते आणि थोडी संथही होते, त्यामुळे ग्राहकाकडे जाणारा रिलीज बिल्ड नेहमी पूर्ण लिंक करूनच द्यावा. आणि ‘ओपीटी:आरईएफ’, ‘ओपीटी:आयसीएफ’ हे पर्याय नको असलेली फंक्शने काढून टाकण्यासाठी आणि सारखी असलेली एकत्र करण्यासाठी आहेत; मोकळी जागा राखणे आणि दाटीवाटीने बसवणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

बदल दोन ओळींचा होता. तो मंजूर व्हायला नऊ दिवस लागले. ती प्रॉपर्टी शीट अकरा प्रकल्पांत सामाईक असल्यामुळे बिल्ड-गटाची संमती हवी होती. १८ जूनला मी विनंती टाकली. २० तारखेला प्रश्न आला की रिलीजवर परिणाम होणार नाही याचा पुरावा काय. मी दोन्ही प्रकारांतील लिंकरच्या आज्ञा आधीच्या आणि नंतरच्या अशा शेजारीशेजारी ठेवून पाठवल्या. २५ तारखेला दुसऱ्याच व्यक्तीने तोच प्रश्न विचारला. २७ जूनला बदल मुख्य शाखेत, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये, गेला. यातून एक व्यवहार शिकले: असा बदल मागताना ‘वेग वाढेल’ हे शेवटी लिहावे आणि ‘रिलीजच्या आज्ञेत एका अक्षराचाही फरक नाही’ हे पहिल्या ओळीत लिहावे.

२८ जूनला सकाळी मोठ्या उत्साहाने बिल्ड लावले, तर लिंकला पुन्हा आधीसारखीच चार मिनिटे. इशारा गेला होता, त्याच्या जागी आता एक साधी माहितीची ओळ होती: एक्झी सापडली नाही किंवा मागच्या इन्क्रिमेंटल लिंकने तयार केलेली नाही, पूर्ण लिंक करत आहे. एक्झी तर समोर होती. मग मायक्रोसॉफ्टचे दस्तऐवज काढून वाचले. आयएलके नसेल, लिंकचे पर्याय बदलले असतील, एखादी ऑब्जेक्ट फाइल वाढली किंवा कमी झाली असेल तर पूर्ण लिंक होते. आणि त्याच यादीत एक ओळ होती की एक्झीचा वेळशिक्का मधल्या काळात बदलला असेल तरीही. आमच्याकडे लिंक झाल्यावर लगेच एक पायरी एक्झीवर चाचणीची डिजिटल सही करते. सही म्हणजे फाइलीत बदल. लिंकर आपली खातेवही उघडतो, एक्झीला कोणीतरी हात लावलेला पाहतो आणि विश्वास सोडून सगळे नव्याने मांडतो. त्याचे चुकत नव्हते.

सही हा सुरक्षा-गटाचा विषय. डीबगमध्ये सही काढून टाका असे मी मागितले असते तर ते वर्षभर चालले असते, म्हणून १ जुलैला मी एवढेच विचारले की मूळ एक्झी तशीच ठेवून तिची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून प्रतीवर सही केली तर चालेल का. ८ जुलैला एका शब्दाचे उत्तर आले, ‘चालेल’. त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा लिंक ७ सेकंदांत झाली. मी तीच ओळ पाच वेळा बदलून पाहिली, कारण डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता.

ही उत्तरे येईपर्यंतच्या दिवसांत आणखी दोन कामे झाली.

पहिले अँटिव्हायरसचे. कंपाइल होताना हजारो लहान फाइली तयार होतात आणि प्रत्येक फाइल तपासली जाते. १९ जूनला आयटी विभागात तिकीट टाकले की माझा सोर्सचा (मूळ कोडचा) पूर्ण ड्राइव्ह तपासणीतून वगळावा. तो अर्ज फेटाळला गेला, आणि आता वाटते ते योग्यच झाले. बाहेरून आलेल्या लायब्ररी तेथेच उतरतात. दुसऱ्या अर्जात फक्त ऑब्जेक्ट फाइली जेथे पडतात तो एक फोल्डर मागितला, धोक्याच्या रकान्यात ‘हा फोल्डर कधीही पुसून पुन्हा तयार करता येतो’ असे लिहिले, आणि ३ जुलैला मंजुरी मिळाली. पूर्ण बिल्ड ४६ वरून ३९ मिनिटांवर आले.

दुसरे काम म्हणजे हेडर. एक सीपीपी बदलली तरी ३१२ फाइली कंपाइल होत होत्या, हे मला त्या उतरवलेल्या मजकुरातूनच दिसले होते. कारण शोधायला मात्र ४ जुलै उजाडला, आणि त्या दिवशी बाबांची मदत झाली असे म्हणायला हरकत नाही. जूनच्या शेवटी कपाशीची पेरणी झाली होती आणि त्या सकाळी ते सरकीची पिशवी घेऊन वावरात निघाले होते. मी चिडून सांगितले की एक ओळ बदलते तर यंत्र तीनशे फाइली पुन्हा करत बसते. ते पायऱ्यांवरच थांबले. ‘‘सारं वावर कायले मोडतं माय? खाडे पडले तिथं नांग्या भर. पन कोनी रोज रात्री येऊन सारी रोपं उपटून जात असंन, तर पयले त्याले धर.’’

आणि खरोखरच कोणीतरी रोज येऊन रोपे उपटत होते. बिल्ड सुरू होण्याआधी चालणारी एक लहान स्क्रिप्ट एका हेडरमध्ये आजची तारीख, वेळ आणि आवृत्ती-क्रमांक लिहीत होती, म्हणजे ते हेडर प्रत्येक बिल्डला नवे होत होते. ते हेडर ‘आमच्याविषयी’ या एका खिडकीपुरते लागते. पण कधीकाळी कोणी ते सामाईक हेडरमध्ये समाविष्ट केले, आणि तेव्हापासून ३१२ फाइली दर वेळी शिळ्या ठरत होत्या. उपाय दोन पायऱ्यांचा होता. हेडरमध्ये फक्त दोन फंक्शनांची घोषणा ठेवली आणि प्रत्यक्ष तारीख एका स्वतंत्र सीपीपीत नेली. आणि स्क्रिप्टला सांगितले की मजकूर आधीपेक्षा वेगळा असेल तरच फाइल लिही, एरवी तिला स्पर्शही करू नको. डीबगसाठी वेळ काढूनच टाकली, फक्त आवृत्ती-क्रमांक ठेवला. यानंतर एका सीपीपीतील बदलाला एकच फाइल कंपाइल होऊ लागली. तुमच्याकडे ‘काही न बदलता’ लागोपाठ दोनदा बिल्ड लावून पाहा; दुसऱ्या वेळी एकही फाइल कंपाइल झाली तर असा उपटणारा नक्की आहे.

११ जुलैचा दिवस वेगळाच गेला. आदल्या रात्री वादळाने लाईन गेली होती, पहाटे आली, पण इंटरनेट बंदच होते. मी एका हिशेबातील चूक सुधारली, बिल्ड लावले, दोन सेकंदांत ‘सर्व अद्ययावत’ असे उत्तर आले आणि चूक जशीच्या तशी. आणखी एक बदल केला, तरी तेच. तीन आठवड्यांच्या मेहनतीनंतर आता बिल्डच खोटे बोलू लागले असे वाटून पोटात गोळा आला, आणि हात आपोआप ‘रिबिल्ड ऑल’कडे गेला. दाबले असते तर चूक गेली असती आणि कारण कधीच कळले नसते. अकराच्या सुमारास इंटरनेट आले आणि ब्राउझरने एकही संकेतस्थळ उघडू दिले नाही. म्हणाला, तुमचे घड्याळ मागे आहे. कोपऱ्यात पाहिले तर तारीख १ जानेवारी, तीही कित्येक वर्षांपूर्वीची.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. लाईन असेपर्यंत ते कळत नव्हते. रात्रभर लाईन नसल्यामुळे घड्याळ मूळपदावर गेले. मी सकाळी जतन केलेल्या फाइलींवर कित्येक वर्षांपूर्वीचा शिक्का बसला, ऑब्जेक्ट फाइली कालच्या होत्या, म्हणजे यंत्रणेच्या हिशेबाने सोर्स जुना आणि ऑब्जेक्ट नवा. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘मेक’ लिहिले तेव्हापासून बहुतेक बिल्ड-यंत्रणा हीच एक तुलना करत आल्या आहेत, आणि तिचा सगळा भार घड्याळावर असतो. घड्याळ दुरुस्त केले, सकाळच्या चार फाइली उघडून नुसत्या पुन्हा जतन केल्या, आणि बिल्ड सुरळीत झाले. मधे मी एक कमिटही, म्हणजे बदलाची आवृत्ती-नोंद, केले होते. ते आजही नोंदींत कंपनीत माझा पायही पडला नव्हता अशा तारखेने उभे आहे.

सीआर२०३२ हा सेल आर्वीत घड्याळवाल्याकडे ४० रुपयांना मिळाला. तो बसवण्यासाठी कॅबिनेट उघडायला आयटी विभागाची लेखी परवानगी लागली, तीन दिवस. त्याच परवानगीत मी आणखी ८ जीबी रॅम बसवण्याचेही लिहून घेतले, हे बरे केले. आठ कंपायलर एकदम चालले की ८ जीबीत डिस्कवर अदलाबदल सुरू होते आणि सगळेच रखडते. २० जुलैला नागपूरला सीताबर्डीला गेले. रॅम १,९०० रुपये, यूपीएसची नवी बॅटरी १,२५० रुपये, बसभाडे आणि एक पूर्ण दिवस. पूर्ण बिल्ड २८ मिनिटांवर आले.

जुलैचा शेवटचा आठवडा व्हिज्युअल स्टुडिओच्या ‘बिल्ड इनसाइट्स’मध्ये गेला. कोणते हेडर किती वेळा वाचले गेले आणि त्यात किती वेळ गेला ते ते दाखवते. आमच्या प्रीकंपाइल्ड हेडरमध्ये (एकदाच कंपाइल करून सगळ्या फाइलींना वापरायच्या हेडरमध्ये) लोकांनी स्वतःची, रोज बदलणारी हेडरे कोंबली होती. तेथे फक्त न बदलणारी गोष्ट असावी, म्हणजे मानक लायब्ररी आणि बाहेरच्या लायब्ररी. कारण तेथील एक ओळ बदलली की सगळा प्रकल्प पुन्हा. पाच हेडरे बाहेर काढली, दोन ठिकाणी समाविष्ट करण्याऐवजी वर्गाची (क्लासची) नुसती पूर्वघोषणा ठेवली. काम कंटाळवाणे आहे आणि दाखवण्यासारखे त्यात काही नाही.

आता लाईन गेल्यावर मी काय करते ते सांगते, कारण मूळ दुखणे तेच होते. आधी घड्याळ पाहते. मग ऑब्जेक्टचा फोल्डर वेळेनुसार लावून लाईन जाण्याच्या आधीच्या दहा मिनिटांतील फाइली पुसते. लिंक चालू असताना गेली असेल तर आयएलके आणि एक्झीही पुसते. डीबगची माहिती ज्या सामाईक पीडीबी फाइलीत जाते तीच खराब झाली असेल तर फक्त त्या एका प्रकल्पाचे रिबिल्ड, सगळ्या सोल्यूशनचे (सगळ्या प्रकल्पांचे मिळून) नाही. मग साधे ‘बिल्ड’. ही माहिती प्रत्येक ऑब्जेक्टमध्येच ठेवणारा ‘झेड७’ पर्याय वापरावा असा मोह झाला होता, पण प्रीकंपाइल्ड हेडरसोबत तो वापरून कंपाइल केलेली ऑब्जेक्ट फाइल बदलली की पूर्ण लिंक होते असे त्याच दस्तऐवजात लिहिले आहे, म्हणून सोडून दिला.

लिनक्सवर काम करणाऱ्यांची वाट थोडी वेगळी आहे. आमच्या गणन-विभागातील मंडळी ‘सीकॅश’ वापरतात. ते फाइलीची वेळ न पाहता मजकुराची खूण काढून जुना निकाल परत देते, त्यामुळे शाखा बदलून परत आले तरी काम वाया जात नाही. लिंकसाठी ते ‘मोल्ड’ वापरतात. रुई उएयामा यांनी २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती काढली, आणि त्यात पूर्ण लिंकच इतकी वेगवान आहे की खातेवही ठेवण्याची गरजच उरत नाही. मला हेवा वाटतो, पण आमचे सॉफ्टवेअर विंडोजचे आहे.

२ ऑगस्टला पुन्हा एक आठवडाभर वही ठेवायला घेतली. एका सीपीपीतील बदल आता साधारण १५ सेकंदांत चालू होऊन पडद्यावर दिसतो. मध्यवर्ती हेडरला हात लावला तर अजूनही १३ मिनिटे जातात, आणि ते हेडर फोडण्याला टीम लीडने ‘दिवाळीनंतर पाहू’ असे म्हटले आहे. पूर्ण बिल्ड आठवड्यातून एकदा, लाईनचा भरवसा असेल त्या रात्री लावून झोपते. रॅमचे आणि बॅटरीचे पैसे मिळाले. सेलची ४० रुपयांची पावती मात्र दुकानाचा जीएसटी क्रमांक नसल्यामुळे परत आली, आणि घड्याळवाला म्हणतो की चाळीस रुपयांच्या सेलले कोन बिल मागते.